चूल, शेगडी आणि डॉक्टरकीची पदवी

थोरामोठ्यांची चरित्रे वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. ही माणसे जेवत काय होती आणि ते जेवण रांधत कोण होते? चरित्रकार त्यांची भाषणे सांगतात, पदव्या सांगतात, त्यांनी सोसलेला विरोध सांगतात. पण दोन वेळच्या अन्नाची हकिकत एखाद्या वाक्यात आटोपते. अमक्यांनी स्वतः हाताने स्वयंपाक करून शिक्षण पूर्ण केले, एवढे लिहिले की चरित्रकार पुढच्या प्रकरणाकडे वळतो. त्या एका वाक्यात किती दिवस, किती रात्री आणि किती धूर भरलेला असतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मी याच दृष्टीने वाचले. वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्री म्हणून त्यांचे नाव आपण शाळेपासून ऐकतो. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आमच्या ग्रंथालयात आहे आणि तिची पाने हाताळून मऊ झाली आहेत. त्याच नावाचा २०१९ सालचा चित्रपटही अनेकांनी पाहिला असेल. तेव्हा त्यांची कथा नव्याने सांगण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण एवढेच, की ही कथा मला चुलीच्या बाजूने सांगायची आहे. या मुलीच्या आयुष्यात चूल पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी तिचा अर्थ बदललेला असतो.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात, आजोळी झाला. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. एके काळचे सुखवस्तू घराणे, पण त्या वेळी वैभव ओसरत चाललेले. वयाच्या नवव्या वर्षी, म्हणजे १८७४ साली, यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते टपाल खात्यात नोकरीला होते, बिजवर होते आणि वयाने वीसेक वर्षांनी मोठे होते. लग्नाला त्यांनी एक अट घातली होती. बायकोला आपण शिकवू आणि त्याला कोणी आडकाठी करायची नाही. त्या काळात हुंड्याच्या आणि मानपानाच्या अटी असत, शिक्षणाची अट ऐकून लोक हसले असतील. यमुनेची आनंदी झाली आणि तिच्या हातात पाटी आली.

चूल प्रथम येते ती या टप्प्यावर. गोपाळराव एकदा घरी आले तेव्हा आनंदी पुस्तक सोडून आजीला स्वयंपाकात मदत करीत होती. ते पाहून त्यांनी तिला मारले, अशी गोष्ट सांगितली जाते. बायकोने स्वयंपाक केला नाही म्हणून मारणारे नवरे गावोगाव होते. बायको स्वयंपाक करते म्हणून मारणारा नवरा मात्र लोकांनी प्रथमच पाहिला. ही गोष्ट सांगताना पुष्कळजण हसतात आणि गोपाळरावांच्या तळमळीचे कौतुक करतात. मला हसू येत नाही. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी स्वतःच नवऱ्याला बालपणीच्या त्या माराची आठवण दिली आहे. दहा वर्षांच्या मुलीला लाकडाचा मार शिक्षणासाठी बसला काय किंवा स्वयंपाकासाठी बसला काय, वळ सारखेच उठतात. चुलीपाशी बसायचे की पुस्तकापाशी, हे ठरवणारी ती नव्हती, हे मात्र या गोष्टीतून स्वच्छ दिसते.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असा प्रवास झाला. रस्त्याने नवऱ्याबरोबर फिरायला जाणारी आणि शाळेत जाणारी बायको लोकांना खपत नव्हती. मुंबईच्या रस्त्यावर झालेली टवाळी त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली. तेरा-चौदा वर्षांच्या वयात त्यांना मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर मूल वाचले असते, ही जाणीव त्यांना सोडून गेली नाही. स्त्रीला पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे सांगण्याचा संकोच वाटतो आणि स्त्री डॉक्टर तर देशात नाहीत, तेव्हा आपणच ती विद्या शिकावी, असा त्यांचा निश्चय झाला. गोपाळरावांची इच्छा होतीच, पण आता ती इच्छा त्यांची एकट्याची राहिली नाही.

अमेरिकेचा मार्ग एका पत्रामुळे उघडला. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र लिहिले होते आणि ते तिकडच्या मिशनच्या मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी दाताच्या दवाखान्यात बसल्या बसल्या ते वाचले. १८८० साली दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. एकमेकींना न पाहताच त्या मावशी-भाची झाल्या. आनंदीबाई त्यांना खरोखरच मावशी म्हणत.

गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली होती. तिथून आनंदीबाई एकट्या परदेशी निघणार ही बातमी पसरताच चोहीकडून टीका सुरू झाली. त्याला उत्तर म्हणून २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. (हे आपल्या नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे, कलकत्त्याजवळचे.) वय अठराही पूर्ण नव्हते. अमेरिकेलाच का, एकटीच का, जातीने वाळीत टाकले तर काय करणार, अशा प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. आणि त्याच वेळी त्यांनी एक शब्द दिला. आपण हिंदू म्हणून जाऊ, हिंदू म्हणून राहू आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. पोशाख आणि आहार आपला तोच राहील.

हा शब्द देताना सभेत टाळ्या पडल्या असतील. त्या टाळ्या देणाऱ्यांपैकी किती जणांना त्या शब्दाचा हिशेब ठाऊक होता? आहार बदलायचा नाही याचा अर्थ, जिथे जाऊ तिथे आपले अन्न आपणच शिजवायचे. त्या सभेतले पुरुष घरी गेले असतील तेव्हा त्यांच्यापुढे वाढलेले ताट आले असेल. ही मुलगी मात्र वैद्यकाच्या अभ्यासाबरोबर आणखी एक रोजचे काम गळ्यात बांधून निघाली होती. धर्म टिकवण्याची जबाबदारी तिच्या स्वयंपाकावर येऊन पडली.

दागिने विकून भाड्याची तजवीज झाली. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. सोबतीला मिशनरी बायका होत्या, आपले माणूस एकही नव्हते. जवळजवळ दोन महिन्यांचा तो प्रवास. मांसाहाराच्या पंगतीत बसून शाकाहारी राहायचे म्हणजे अर्धपोटीच राहायचे. कार्पेंटर मावशी बंदरावर घ्यायला आल्या होत्या. पुढचे चार महिने रोझेलच्या त्या घरात गेले आणि ते बहुधा त्यांच्या परदेशातील सर्वांत सुखाचे दिवस होते. मावशींनी त्यांच्या खाण्यापिण्याचा मान राखला. त्या घरी आनंदीबाईंनी आपल्याकडचे पदार्थ करून पाहुण्यांना जेवू घातल्याची हकिकत चरित्रांत येते. चूल आली, पण या वेळी भीती नव्हती. हौस होती, पाहुणे होते, हाताखाली माणसे होती आणि कॉलेज अजून सुरू व्हायचे होते. चुलीचे असे दिवस प्रत्येक मुलीला आवडतात. सणावाराला पुरणपोळी लाटताना मलाही आनंद होतो. पण सणाची चूल वेगळी आणि परीक्षेच्या दिवसांतली चूल वेगळी.

ऑक्टोबर १८८३ मध्ये फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण सुरू झाले. १८५० साली स्थापन झालेले हे महाविद्यालय स्त्रियांना वैद्यक शिकवणाऱ्या जगातील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी एक. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही मिळवून दिली. आनंदीबाईंच्याच काळात जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली याही तिथे शिकत होत्या. ऑक्टोबर १८८५ मध्ये काढलेले या तिघींचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. ते छायाचित्र पाहिले की मला अभिमान वाटतो. त्याबरोबर मनात येते, या तिघी संध्याकाळी खोलीवर गेल्यावर काय जेवल्या असतील?

त्या काळी परगावची मुले-मुली अमेरिकेत कुणाच्या तरी घरी खोली घेत आणि तिथेच जेवणाचे पैसे भरीत. आपल्याकडे खाणावळ असते तसेच, फक्त राहणे आणि जेवण एका छपराखाली. शाकाहारी मुलीला ही सोय उपयोगाची नव्हती. जेवणात मांस हे मुख्य अन्न. भाजणीच्या पदार्थांत अंडे असायचे आणि तळणीला, पिठाच्या मोहनाला डुकराची चरबी सर्रास वापरीत. पाव, दूध, बटाटे, तांदूळ एवढ्यावर किती दिवस काढायचे? म्हणून स्वतःच्या खोलीत स्वतः शिजवून खायचे, हाच मार्ग राहिला.

आता त्या खोलीविषयी. त्यांच्यासाठी घेतलेल्या खोलीतली शेकोटीची जागा सदोष होती. आपल्याकडे शेकोटी म्हटली की अंगणातली आठवते. तिकडे ती भिंतीत असते आणि तिचा धूर वर धुराड्यातून बाहेर जातो. गरम हवा हलकी होऊन वर चढते, ती धुराला ओढून नेते आणि खालून ताजी हवा निखाऱ्याला मिळते, असे तिचे तंत्र. धुराडे तुंबलेले असेल, अरुंद असेल किंवा नीट बांधलेले नसेल तर ही ओढ बसत नाही आणि सगळा धूर खोलीत पसरतो. आनंदीबाईंच्या खोलीत हेच झाले. आग पेटवली की धुराने जीव घुसमटायचा आणि विझवली की थंडीने हातपाय गारठायचे. धूर किंवा थंडी, यांपैकी एक निवडायचे.

आपल्या निफाड तालुक्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडचा पारा काही हिवाळ्यांत दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो आणि थंडीने द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागाबागांतून शेकोट्या पेटवून धूर करतात. त्या पहाटे ओझरहून नाशिकच्या बाजूला निघाले तर बाणगंगेच्या काठापासून धुराचा पांढरा पट्टा दिसतो. पण आपली ती थंडी चार-आठ दिवसांची. दुपारी ऊन पडते आणि माणूस सुखावतो. फिलाडेल्फियाच्या जानेवारीचे सरासरी तापमानच शून्याच्या आसपास असते आणि थंडी महिनोन्‌महिने मुक्काम करते. कल्याणच्या दमट हवेत वाढलेली मुलगी, अंगावर नऊवारी लुगडे. नऊवारीने पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून पुढे त्या गुजराती पद्धतीने पाचवारी नेसू लागल्या. पोशाखाच्या बाबतीत त्यांनी थंडीशी एवढी तडजोड केली. आहाराच्या बाबतीत केली नाही.

३१ मार्च १८८४ रोजी त्या खंडात त्यांना एकोणिसावे वर्ष पूर्ण झाले. मीही आज एकोणीस वर्षांची आहे आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. म्हणून त्या दिवसांचे चित्र मला डोळ्यांपुढे आणता येते. माझ्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. आई द्राक्षबागेत मजुरीला जाते. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग विरळणी, मग काढणी, असे तिचे वर्ष बागेच्या वर्षाबरोबर फिरते आणि सकाळी सातला ती घराबाहेर पडते. त्यामुळे अकराव्या वर्षापासून घरच्या पाचजणांचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. बाजरीची भाकरी पहिल्यांदा थापली तेव्हा ती तव्यावर जायच्या आधीच मोडली होती. आता अंधारातही थापता येते. ही तक्रार नाही. आईच्या कष्टापुढे माझे काम काहीच नाही. पण एकदा सहज हिशेब मांडून पाहिला. पीठ मळणे, भाकरी, कालवण, भांडी, सारवासारव, सगळे धरून दिवसाचे तीन तास जातात. वर्षाचे झाले हजारांहून अधिक. एवढ्या तासांत किती पुस्तके वाचून होतील याचा हिशेब मी केला नाही, कारण तो करवत नाही.

आनंदीबाईंना तर माणूस एकच रांधायचे होते, असे कोणी म्हणेल. पण एकासाठी रांधायला वेळ कमी लागतो, हा रांधणाऱ्याचा अनुभव नाही. कोळसा पेटवायला तोच वेळ लागतो, भात शिजायला तोच लागतो. उलट चारचौघांच्या घरात एक कणीक मळतो तेव्हा दुसरा पाणी भरतो. एकट्या माणसाला सर्व स्वतः करावे लागते आणि थकून आल्यावर आपल्यापुरतेच तर आहे, राहू दे, असे म्हणून तो उपाशी झोपतो. शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, शवविच्छेदन असा दिवस काढून, बर्फातून चालत येऊन, धुरकट खोलीत निखारे फुलवायचे आणि मग दिव्याखाली परक्या भाषेतले ग्रंथ उघडायचे. यातला कोणता भाग प्रथम गळून पडत असेल? अभ्यास तर त्यांनी सोडला नाही. मग गळून पडत असेल ते जेवणच.

ही स्थिती लक्षात आल्यावर डीन बॉडली यांनी त्यांना काही काळ आपल्या घरी ठेवून घेतले. त्या बाईंच्या थोरपणाची ही आठवण आपण ठेवली पाहिजे. विद्यार्थिनीला शिष्यवृत्ती दिली म्हणजे आपले काम संपले, असे त्यांनी मानले नाही. पण प्रकृतीवर व्हायचा तो परिणाम सुरू झाला होता. अशक्तपणा, ताप, खोकला, डोकेदुखी यांनी त्यांचा पिच्छा पुरवला.

त्या काळी परदेशी गेलेल्या आणखी दोघांशी तुलना करण्याचा मोह होतो. आनंदीबाई अमेरिकेला पोचल्या त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज येथे गेल्या. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी शाकाहार सोडला नाही आणि त्यावरून मठातल्या भगिनींशी त्यांचे खटकेही उडाले. पाच वर्षांनी, १८८८ साली, मोहनदास गांधी लंडनला गेले. आईला दिलेल्या वचनामुळे तेही अर्धपोटी राहिले. शेवटी त्यांनी एक खोली घेतली, शेगडी आणली, सकाळी ओटची लापशी आणि रात्री कोको व पाव यांवर दिवस काढले, आणि आयुष्यात प्रथमच स्वतःचे अन्न स्वतः शिजवायला शिकले. त्यांना लंडनमध्ये शाकाहारी उपाहारगृह सापडले, शाकाहारी मंडळी भेटली आणि त्या प्रयोगातून त्यांचे सारे जीवन घडले. पुढे १९२० ते १९२३ च्या लंडनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर रात्री भूक लागली की पापड भाजून खात आणि पुन्हा अभ्यासाला बसत. येवल्याच्या आणि काळारामाच्या या जिल्ह्यात ती आठवण सांगताना ऊर भरून येतो. म्हणजे परदेशी विद्या आणि पोटाची भूक यांचे नाते जुनेच आहे.

पण यात एक फरक आहे. गांधीजींनी शेगडी पेटवली तेव्हा लोकांनी त्याला स्वावलंबन म्हटले. पुरुषाने स्वतः शिजवले की चरित्रात त्याचे प्रकरण होते. बाईने शिजवले की त्याची नोंदही होत नाही, कारण ते तिचे कामच असे धरलेले असते. म्हणून गांधीजींच्या लापशीविषयी आपल्याला ठाऊक आहे आणि आनंदीबाईंच्या पातेल्यात काय शिजत होते हे फारसे कोणी विचारीत नाही.

गोपाळराव १८८५ मध्ये अमेरिकेत येऊन दाखल झाले. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान समारंभ झाला. पंडिता रमाबाई त्यासाठी मुद्दाम समुद्र ओलांडून आल्या होत्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता. दहा दिवसांच्या बाळाची आठवण त्या विषयामागे असेल, असे मला वाटते. एकविसावे वर्ष पूर्ण व्हायला वीस दिवस बाकी असताना ही मुलगी डॉक्टर झाली. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूकही केली.

त्या नेमणुकीवर रुजू होण्याचा दिवस मात्र उगवला नाही. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या तेव्हा क्षयाने शरीर पोखरले होते. पुण्यात उपचार झाले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायलाही महिनाभर कमी होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत, मावशींच्या कुटुंबाच्या जागेत, त्यांचे स्मारक आहे.  शुक्र ग्रहावरील एका विवरालाही त्यांचे नाव दिलेले आहे.

अमेरिकेची थंडी आणि परके अन्न यांनी आनंदीबाईंचा बळी घेतला, असे सर्रास लिहिले जाते. शास्त्राच्या दृष्टीने हे अर्धेच खरे आहे. क्षय थंडीने होत नाही, तो जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई बोटीत बसण्याच्या आदल्याच वर्षी, जगापुढे आणला होता. पण जंतू ओळखणे वेगळे आणि मारणे वेगळे. त्यावरचे पहिले परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले. तोपर्यंत विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हाच इलाज. नेमक्या याच तीन गोष्टी फिलाडेल्फियाच्या त्या विद्यार्थिनीपाशी नव्हत्या. उपाशी आणि थकलेल्या शरीरात क्षयाचा जंतू लवकर जोर धरतो, हे आजचे वैद्यकही सांगते. म्हणून अन्नाला पूर्ण दोष देता येत नाही, तसे त्याला पूर्ण निर्दोषही म्हणता येत नाही.

मग त्यांनी शब्द मोडायला हवा होता का? आमच्या वर्गात यावर वाद झाला. काहींचे म्हणणे, जिवापेक्षा आहार मोठा नाही. काहींचे म्हणणे, शब्द मोडला असता तर पुढच्या शंभर मुलींची वाट बंद झाली असती. मला दुसरे म्हणणे अधिक पटते. मांस खाणे पाप की पुण्य हा इथे प्रश्नच नाही. आमच्या गावात मांस खाणारी घरे आहेत आणि न खाणारीही आहेत. प्रश्न असा, की एका मुलीच्या शिक्षणाकडे सारा समाज टक लावून बसला होता आणि ती काय शिकते यापेक्षा ती काय खाते इकडे त्याचे लक्ष होते. तिने टीकाकारांच्या हाती काहीच लागू दिले नाही. लहानपणी चूल की पुस्तक हे दुसऱ्याने ठरवले होते. फिलाडेल्फियात दोन्ही तिने स्वतः उचलले आणि दोन्ही शेवटपर्यंत पेलले. ही तिची जिद्द होती, तिला लाचारी म्हणता येणार नाही. पण जिद्दीचे कौतुक करताना, एवढे ओझे तिच्यावर टाकणाऱ्यांना आपण मोकळे सोडतो, हे बरे नव्हे.

आजही ती अट संपलेली नाही, तिचे रूप तेवढे बदलले आहे. मुलीने कॉलेजात जायला घरची ना नसते. फक्त घरचे सगळे आवरून जा, एवढेच म्हणतात. माझ्याबरोबर दहावी झालेल्या मुलींपैकी काहीजणी त्या एवढ्याशा अटीपायी मागे राहिल्या. त्यांना कोणी मारले नाही, वाळीत टाकले नाही, त्यांच्याविरुद्ध सभा भरली नाही. रोजचे तीन तास होत गेले आणि एक दिवस त्यांनी पुस्तके धाकट्या बहिणीला देऊन टाकली. त्यांतल्या दोघी माझ्याहून हुशार होत्या.

आमच्या घरी गेल्या वर्षापासून एक बदल झाला आहे. परीक्षेच्या महिन्यात माझा धाकटा भाऊ संध्याकाळचा स्वयंपाक करतो. त्याची खिचडी कधी गिचका होते, कधी खाली लागते, पण आजीसुद्धा आता ती मुकाट्याने खाते. तो नववीत आहे. उद्या तो शिकायला पुण्याला गेला, मुंबईला गेला किंवा सातासमुद्रापलीकडे गेला, तर उपाशी राहणार नाही. आणि त्याच्या घरात शिकणारी कोणी मुलगी असेल तर तिलाही राहावे लागणार नाही, अशी आशा आहे.

आनंदीबाईंना एकाही रुग्णाची सेवा करायला मिळाली नाही, तेव्हा त्यांच्या पदवीचा उपयोग काय झाला, असे विचारणारेही भेटतात. त्यांना माझे उत्तर असे. त्यांच्यामागून ज्या मुली डॉक्टर झाल्या त्यांना, मुलीला हे जमेल का, हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागला नाही. आपल्यासाठी उरला आहे तो दुसरा प्रश्न. ती शिकत असताना घरातली चूल कोणी सांभाळायची? तो प्रश्न पदव्यांनी सुटणार नाही, तो घरोघर सोडवावा लागेल. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, यापुढे एखाद्या चरित्रात स्वतः रांधून शिक्षण घेतले असे वाक्य आले, तर पान उलटण्याआधी क्षणभर थांबा आणि त्यातले तास मोजा. आणि मग आपल्या घरातले तास मोजा.